कोण येऊन गेलं ते खाली दिसतं

“दादा, तुले बहीण हाये का?”

हा प्रश्न मोनालीचा नव्हता. हर्षा आणि प्रेरणाने पैज लावून तो तिच्या तोंडी दिला होता. पण पैज म्हटल्यावर मागे सरेल ती मोनाली कसली! जामच्या शाळेत शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसणारी ही पोरगी हिंगणघाटच्या मोठ्या शाळेत अकरावीला आली काय आणि तिच्या अंगात वारं शिरलं काय! आता ती वर्गात आधी हात वर करायची आणि उत्तर मग शोधायची. गॅदरिंगमध्ये तिच्या हातात माईक गेला, तर तो परत मिळवायला सरांना स्टेजवर चढावं लागलं होतं.

मधली सुट्टी होती. सायकल स्टँडमागच्या निंबाखाली तिघी उकिडव्या बसलेल्या. प्रेरणाने डब्याच्या पिशवीतून लपवून आणलेला मोबाईल मधोमध ठेवला, स्पीकर लावला. नंबर अनोळखी, त्यामुळे दादाने पहिल्याच रिंगला उचलला.

“येस, गुड आफ्टरनून. अश्वजित स्पीकिंग.”

आवाज असा, की आत्ताच इस्त्री करून हँगरला लावलाय. हर्षाने ओढणी तोंडात कोंबली. मोनालीने प्रश्न विचारला.

पलीकडे कोणाची तरी खुर्ची सरकली. एका बाईने इंग्रजीत कोणाचं तरी नाव पुकारलं. मग दादा बोलला, पण तो दादासारखा बोललाच नाही.

“नाही. आपला नंबर चुकला असेल.”

फोन बंद.

“ऐकलं का वं!” हर्षाचं हसू फुटलं. “पानावर नाई, तं फोनवर बी नाई! मोने, तुले भाऊच नाई. कचोरी काढ.”

“अवं, राहू दे ना,” प्रेरणा म्हणाली, पण तीही हसत होती.

मोनालीही हसली. सगळ्यांपेक्षा जोरात हसली. कचोरी खाऊ घातली, वरून हिरवी चटणी जास्तीची मागून घेतली आणि डोळ्यांत पाणी आलं ते चटणीवर ढकललं. तास सुरू झाला तेव्हा मात्र सरांनी विचारलेल्या प्रश्नाला तिचा हात वर गेला नाही. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “ताकसांडे, तब्येत बरी आहे ना?”

पानाची गोष्ट अशी, की त्या वर्षी हिंगणघाटच्या सगळ्या पोरापोरींना ऑर्कुटने झपाटलं होतं. प्रत्येकाचं एक पान. पानावर फोटो, मित्रांची रांग आणि कोणीही येऊन दोन ओळी लिहून जावं अशी एक जागा. मोनालीचंही पान होतं. नाव ‘मोना’, चेहऱ्याच्या जागी गुलाबाचं फूल. मुलींनी आपला चेहरा तिथे लावायचा नसतो हे कोणी शिकवलं नव्हतं, पण सगळ्यांनाच माहीत होतं. हर्षाच्या पानावर मांजर होती, प्रेरणाच्या पानावर चंद्र.

आणि दादाचं पान म्हणजे भरलेलं घर होतं! दुसऱ्याच्या बुलेटवर बसून गॉगल लावलेला दादा. होस्टेलच्या गच्चीवर वांग्याची भाजी ढवळणारा दादा. मित्रांनी लिहिलेल्या शिव्या, त्यांना याने दिलेली त्याहून तिखट उत्तरं. आणि सगळ्यांत वर तो फोटो. दीक्षाभूमीवरचा. घरचे चौघं दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जायचे, पण त्या एकाच वर्षी आईने आग्रह धरला आणि बाबांनी फोटोवाल्याला थांबवलं. चौघंही पांढऱ्या कपड्यांत, मागे स्तूप, बाबांची मान ताठ, आईचा हात दादाच्या खांद्यावर पोहोचावा म्हणून टाचा उचललेल्या, आणि मोनाली डोळे मिटलेली. चौघांचा एकत्र म्हणावा असा तो एकच फोटो. दादाने तो स्कॅन करून पानावर लावला, तेव्हा बाबांनी जामच्या चौकात चहावाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं, “आमचा फोटो इंटरनेटवर हाये. अमेरिकेतून बी दिसते.”

बाबा म्हणजे प्रेमदास ताकसांडे, जामच्या एसटी स्टॉपवरचे वाहतूक नियंत्रक. चौकातल्या त्या एवढ्याशा खोलीत बसून माईकवर गाड्या पुकारायचे. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नागपूरहून आलेली, चंद्रपूरकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात सुटत आहे.” असं शुद्ध, असं खणखणीत, की नवख्या माणसाला वाटावं आत कोणी आकाशवाणीवाला बसलाय. आणि तेच बाबा घरी आले की, “अन्नपूर्णा, चाय ठेवतं का वं?” मोनाली लहानपणापासून त्यांची नक्कल करायची. भात झाला की तीच पुकारणार, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गरम भात थोड्याच वेळात ताटात येत आहे.” दादा घरी होता तेव्हा तो या गाडीला कायम उशीर करायचा. तो पुण्याला गेल्यापासून घरातले सगळे प्रवासी वेळेवर असायचे आणि पुकारायला मजा येत नव्हती.

दादाने इंजिनीअरिंग केलं आणि नेमकी त्याच वर्षी मंदी आली. कॉलेजात आलेल्या कंपन्या हात हलवत परत गेल्या. दादा पुण्याला गेला, चौघांच्या खोलीत पाचवा म्हणून राहिला, आणि दर आठवड्याला फोनवर सांगायचा, “होऊन राह्यलं, बाबा. बोलावलं हाये एका जागी.” त्या जागा बदलत गेल्या, पण ‘होऊन राह्यलं’ तेच राहिलं.

मग एकदा त्याने बाबांना फोन मोनालीकडे द्यायला सांगितलं.

“मोने, माह्या पानाचा पासवर्ड लिहून घे. थे साफ कर.”

“साफ म्हंजे?”

“इथं इंटरव्ह्यूच्या आधी नाव टाकून पाह्यतात कंपनीवाले. माह्या खोलीतल्या पोराले एका सायबानं असल्याच बुलेटच्या फोटोवरून हासून घेतलं. काढून टाक सारं. शिव्या काढ, ग्रुप काढ.”

“हाव. अन् तू काऊन नाई काढत?”

“मले टाईम भेटते का वं?” तो म्हणाला. मग हळूच, “थो दसऱ्याचा फोटो बी काढ. अन् आडनाव काढ. नुसतं ‘पी’ ठेव.”

“आडनाव बी?” मोनालीने विचारलं.

“पाय, मी काही लाजून नाई राह्यलो,” दादा म्हणाला. “मागच्या जागी पह्यला प्रश्न काय विचारला माहीत हाये? पूर्ण नाव सांगा. मंग गाव कोणतं. मंग वडील काय करते. मंग आणखी एकदा आडनाव. मले फक्त एवढंच पाह्यजे का पह्यले माहं काम पाहा. आडनाव मंग पाहा. बाबाले नको सांगजो.”

शनिवारी शाळा सुटल्यावर ती कांताताईच्या कॅफेत गेली. कॅफे म्हणजे कांताताईच्या घराची पुढची खोली. एकीकडे झेरॉक्सचं मशीन, एकीकडे प्लायवूडच्या आडोशात दोन कॉम्प्युटर. नेट इतकं हळू, की पान उघडेपर्यंत ताई आतून कणीक मळून यायच्या. मोनाली बसली आणि तिने दादा उतरवायला घेतला.

बुलेट गेली. गच्ची गेली. शिव्या पुसताना तिला हसू येत होतं, कारण त्यातल्या निम्म्या तिला नव्याने कळत होत्या. ग्रुप गेले. मग वरचा फोटो आला, आणि ‘हा फोटो नक्की काढायचा का?’ असं कॉम्प्युटरनेच विचारलं. मोनालीचा हात माऊसवर तसाच राहिला.

आई अंगणवाडीत काम करते; तिथल्या मुलांनी काढलेली चित्रं तिला टाकवत नाहीत, म्हणून ती घरी आणून ट्रंकेत ठेवते. मोनालीने तेच केलं. फोटो आधी उतरवून घेतला, मग दादाच्या पानावरून काढला आणि आपल्या पानावर नेऊन ठेवला. मग तिला ती युक्तीच सापडली. कॉम्प्युटर पाहिलेल्या पानांचे फोटो साठवून ठेवतो, त्या फोल्डरमधून बुलेटचा फोटो परत उचलून आणला. गच्चीही आणली, वांग्याच्या भाजीसकट. भाड्याचं घर सोडताना सामान दुसरीकडे हलवतात, तसं तिने दादाचं सामान एकेक करून आपल्याकडे हलवलं. दादाने काढ म्हटलं होतं. कुठे ठेवू नको असं काही म्हटलं नव्हतं!

नंतरच्या मंगळवारी त्याचा फोन आला. दसऱ्याचा फोटो आता तिच्या पानावर आहे हे त्याला कळलं असणार, पण तो त्याबद्दल काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, “मोने, माह्या मित्रांच्या रांगेत तू हाये. तुह्या पानावर गेलं का आपलं घरच दिसते. तू बी निघ.”

मोनाली निघाली. त्याच्या पासवर्डने आत शिरून तिने स्वतःला स्वतःच्या हाताने बाहेर काढलं. रांगेत ‘मोना’समोर खूण, ‘काढून टाका’वर टिचकी, झालं. आणि हर्षाने नेमकं तेच पाहिलं. “तुह्या भावाच्या पानावर तू दिसतच नाई वं! हाये ना थो तुहा भाऊ?” त्यातून पैज आणि पैजेतून तो फोन.

संध्याकाळी घरी फोन वाजला. बाबा तो मोनालीच्या हातात देऊन पाय धुवायला गेले.

“माहे आई! तो कोणाचा नंबर होता?” दादा नेहमीच्या आवाजात ओरडला. “तिथं हॉलमधी बसून होतो मी. बाजूले आठ-दहा जण. कोणाले वाटलं असतं हे काय फोन येऊन राह्यले याले.”

“म्हंजे ओळखलं होतं तू मले?”

“तुहा आवाज ओळखू येणार नाई का?”

त्याला वाटलं या उत्तराने तिचं समाधान होईल. मोनाली “बरं” म्हणाली. आवाज ओळखून नाही म्हणाला, त्यापेक्षा न ओळखता म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

“कसा झाला इंटरव्ह्यू?”

“सोमवारी परत बोलावलं. मोठा साहेब घेणार हाये. मोने, ही लागली पाह्यजे. ही नाई लागली तं मी परत येतो. मंग काय करतो मी जामले? बाबाच्या बाजूले बसून गाड्या पुकारतो?”

बाबा टॉवेलने पाय पुसत आले. “झालं का बोलणं? मोने, त्याले विचार, आपला फोटो हाये ना अजून तिथं? चौकात बंडूजी विचारत होते.”

“हाये, बाबा,” मोनाली म्हणाली. कुठे आहे ते बाबांनी विचारलं नव्हतं.

त्यानंतर ती शाळा सुटली की कांताताईकडे डोकावू लागली. आधी आपल्या नावाने आत जाऊन दादाचं पान बाहेरून बघायला. काही करायचं उरलं नव्हतं तरी. पान आता झाडून पुसून लख्ख होतं. चेहऱ्याच्या जागी निळसर सावली, नाव ‘अश्वजित पी.’, आवड ‘वाचन, संगीत’. दादाने उभ्या आयुष्यात हौसेने काही वाचलं असेल तर ते क्रिकेटचं पान. पहिल्या दोनचार दिवसांत मित्रांनी लिहिलं, “काऊन बे भाऊ, सारं पुसून टाकलं? नाराज हाये का?” तेही पुसायचं होतं, तिने पुसलं. मग कोणी लिहीनासं झालं. लग्न आटोपलेल्या मांडवात गेल्यासारखं वाटायचं तिथे. इतकं, की एकदा तिने मागे वळून पाहिलं, आपण खुर्चीत बसलोय ना कॅफेच्या, म्हणून.

ऑर्कुटची एक गंमत होती. आपल्या पानावर कोण येऊन गेलं ते खाली दिसायचं. नावांची छोटी ओळ. कंपनीवाले येऊन गेले का, हे बघायला ती रोज दादाच्या पासवर्डने आत जाऊन ती ओळ वाचायची. रोज तिथे एकच नाव असायचं. मोना.

ज्यांच्यासाठी एवढी झाडलोट केली ते फिरकलेसुद्धा नव्हते. येत होती ती जिला काढून टाकलं तीच.

सोमवारी तिला राहवेना. दादा आत्ता मोठ्या साहेबासमोर बसला असेल, या विचाराने ती शेवटचा तास बुडवून कॅफेत आली आणि दादाच्या पानाऐवजी आधी आपलंच पान उघडलं. खाली नजर गेली.

अश्वजित पी.

ती खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकली. आपण कधी दादाच्या पासवर्डने आत असताना आपल्या पानावर आलो का? नाही. मुळीच नाही. म्हणजे तो स्वतः आला होता. पुण्याच्या कुठल्या तरी कॅफेत, इंटरव्ह्यूच्या दिवशी, इस्त्रीचा शर्ट घालून, टाईम भेटत नाही म्हणणारा दादा तिच्या पानावर येऊन गेला होता.

“काय झालं वं?” कांताताईने झेरॉक्सच्या मशीनवरून मान उंचावली. “नेट गेलं का?”

“नाई, ताई. आलं.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा नाव होतं. तिसऱ्याही. एक अक्षर लिहिलेलं नाही. यायचा आणि जायचा. मग मोनालीला कळलं, की ज्याला रोज नेटवर बसता येतं त्याला आपलं पान पुसायलाही आलं असतं. त्याला वेळ नव्हता असं नाही. त्याच्या हातून ते होत नव्हतं. म्हणून त्याने ते तिच्या हाताने करून घेतलं.

रागवावं की रडावं, हे ठरेना, म्हणून तिने तिसरंच केलं. प्रेरणाचा मोबाईल मागून घेतला आणि फोटो काढत सुटली. बाबांच्या खोलीवरचा भोंगा. अंगणवाडीच्या दारात चपलांचा ढीग आणि त्यात आपली हरवलेली एक चप्पल शोधणारी आई. दादाची सायकल, जिच्यावर आता कोंबडी बसायची. एकेक करून पानावर लावले, आणि खाली लिहायची, जणू सगळ्या जगासाठी, “या सीटचा मालक पुण्याले गेला. नवीन मालक अंडी देते.” दुसऱ्या दिवशी ओळीत नाव हजर. तिने लिहिलं, “आईनं आज वांग्याची भाजी केलती. कोणी हाये का खायले?” नाव हजर. जिवंत माणसाशी बोलावं आणि त्याने फक्त दाराची कडी वाजवून जावं, असं चाललं होतं. घरी आल्यावर ती कोणाला काही सांगू शकत नव्हती. हर्षाला काय सांगणार? तिच्या बाबांच्या दुकानावर त्यांचं आडनाव रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढं मोठं रंगवलेलं होतं. असल्या घरातल्या मुलीला आडनाव पुसायची गोष्ट सांगायची तर सुरुवात कुठून करायची, हेच मोनालीला कळेना. बोलायला ती आता कोणाला घाबरत नव्हती, आणि नेमकी हीच एक गोष्ट बोलता येत नव्हती.

आणि मग नोकरी लागली!

दादाचा फोन आला तेव्हा बाबा ड्युटीवर होते. आईने ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि तशीच अनवाणी चौकाकडे निघाली. मोनाली चपला घेऊन मागे. बाबांनी खिडकीतून आईचा चेहरा पाहिला, माईक चालू होता हे विसरले, आणि आख्ख्या जामने ऐकलं, “काय झालं वं? अश्वजितची लागली का?” वर्धेची गाडी धरायला उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बंडूजी चहावाल्याने साखरेचा डबाच समोर ठेवला. बाबांनी चिमूट चिमूट साखर कंडक्टरांच्या हातावर दिली.

रात्रीच्या जेवणाआधी दादाचा पुन्हा फोन. सगळ्यांशी बोलून झाल्यावर मोनालीशी.

“साहेबानं पाह्यलं का मंग तुह्यं पान?” तिने आधी तेच विचारलं.

“नाई. त्यानं तीन तास नुसतं कामाचंच विचारलं.” दादा हसला. “पण आता ऑफिसात सारे ऑर्कुटवर हायेत. पह्यल्याच दिवशी शोधतात. मोने, तुह्या पानावरचे थे फोटो बी काढ ना. माह्या जुन्या मित्रांच्या पानांवरून फिरून फिरून लोक तुह्याकडे येतात.”

“म्हंजे आता तं लागली ना नोकरी!”

“लागली म्हणूनच. टिकवा लागते.”

मोनालीने अंगणात जाऊन दार ओढून घेतलं. “दादा, तू रोज येतं माह्या पानावर.”

पलीकडे ट्रॅफिकचा आवाज येत होता.

“खाली दिसते, कोण येऊन गेलं थे.”

“माहीत हाये मले दिसते म्हून,” दादा म्हणाला. आता त्याचा आवाज इस्त्रीचाही नव्हता आणि घरचाही नव्हता. “तरी काढ.”

जेवताना बाबा भलत्याच रंगात होते. “रविवारी मी सुट्टी घेतली. अन्नपूर्णा, पांढरं लुगडं काढ. आपण हिंगणघाटले जाऊ अन् मोनी आपल्याले इंटरनेटवरचा फोटो दाखवते. नोकरदार पोराचं पान पाह्यलं पाह्यजे का नाई?”

मोनाली पाण्याचा तांब्या भरायला उठली.

रविवारी तिघं कांताताईच्या कॅफेत आले. बाबांनी ड्युटीचा नाही, लग्नाचा शर्ट घातलेला. आई प्लायवूडच्या आडोशात मावेना, म्हणून ताईने आडोसाच बाजूला केला. दोन खुर्च्यांवर आई-बाबा, मधे स्टुलावर मोनाली. नेट त्या दिवशी नेमकं जोरात होतं.

सरळ आपलं पान उघडून, हे दादाचं, असं सांगता आलं असतं. इंग्रजी अक्षरं बाबा सावकाश वाचायचे, आणि आई वाचायचीच नाही. मोनाली तसं ठरवूनही आली होती. पण बाबांनी खिशातून कंगवा काढून केसांवरून फिरवला, जणू फोटोतल्या स्वतःला भेटायला चाललेत, आणि तिला ते जमलं नाही.

तिने दादाचं पान उघडलं.

बाबांनी निळी सावली पाहिली. ओठ हलवत नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

“हा कोण?”

“दादा.”

“फोटो कुठी हाये?” आई म्हणाली. “अवं, तू म्हणत होती ना, हाये म्हून?”

मोनालीने आपलं पान उघडलं. तिथे ते होते. चौघं, पांढऱ्या कपड्यांत, आई टाचा उचललेली. आईने बोटाने दादाचा चेहरा दाबला, आणि काचेवर ठसा उमटला म्हणून पदराने पुसला.

“हे माहं पान हाये,” मोनाली म्हणाली. आणि मग सगळं सांगितलं. आडनावाचं, ‘पह्यले काम पाहा’चं, तिने स्वतःला कसं काढलं ते, आणि काल-परवाच्या फोनवरचं ‘तरी काढ’सुद्धा. नेहमीसारखी भरभर नाही सांगू शकली. मधे मधे थांबत सांगितलं. कांताताई आत गेल्या आणि त्यांनी आतून भांडी वाजवली नाहीत.

बाबा फोटोकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, “त्याच्यावर नको रागावू. मी तरी माईकवर माह्या बोलीत बोलतो का? पह्यल्या दिवशी आमच्या सायबानं म्हणलं होतं, ताकसांडे, जरा माणसासारखं बोला. तईपासून थो आवाज लावला, थो लागलाच.”

हे त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. आईनेही त्यांच्याकडे वळून पाहिलं.

“हे खाली काय लिहिलं हाये?” बाबांनी विचारलं.

“कोण येऊन गेलं थे.”

बाबांनी चष्मा वर केला, वाकून वाचलं. अश्वजित पी. “कई आलता?”

“आज सकाळी. रोज येते.”

“बोलते काई?”

“नाई. पाह्यते अन् जाते.”

आई तोंड फिरवून झेरॉक्सच्या मशीनकडे बघू लागली. बाबांनी शर्टाची कॉलर उगाच नीट केली. “मंग आता? काढतं का तू फोटो? त्याची नवी नोकरी हाये, बेटा.”

काढला, तर दादाला हवं तसं होणार होतं, आणि उद्या तो आला की इथेही त्याला निळी सावलीच भेटणार होती. मग तो कुठे जाईल? कडी वाजवायला तरी दार कोणाचं? मोनालीला हे असं मांडून सांगता येईना. पण एक आवाज तिला लहानपणापासून नीट लावता येत होता. ती स्टुलावरून उठली, मूठ तोंडासमोर धरली.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,” ती म्हणाली. बाबांनी दचकून वर पाहिलं. “या पानावरील गुलाबाचे फूल आजपासून रद्द करण्यात येत आहे. त्या जागी मोनाली प्रेमदास ताकसांडे, राहणार जाम, हिचा स्वतःचा चेहरा लागेल. पूर्ण नावासकट. ती अश्वजित यांच्या पानावर जाणार नाही, आणि ते आपले भाऊ आहेत असे तिथे कुठेही लिहिणार नाही. मात्र फोटो इथेच थांबेल. ज्यांना यायचे असेल, त्यांनी...”

इथे माईकचा आवाज फाटला. तिने मूठ खाली घेतली.

“बाबा, आई, मी फोटो काढत नाई. ठरवलं मी.”